कातळसडा कसा पारखायचा: अधिवास, पाणी आणि धोके यांची नोंद करण्याची रीत

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातले जांभ्याचे सडे, म्हणजे जांभा दगडाची उघडी सपाट पठारं, सातबाऱ्यावर बहुतेकदा ‘पोटखराबा’ (लागवडीला अयोग्य जमीन) म्हणून पडलेले असतात. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशातही उघड्या खडकाळ जागेसाठी वेगळा रकाना आहे. मे महिन्यात भर दुपारी सड्यावर उभं राहिलं तर ही नोंद पटूनही जाते. काळपट कातळ, करपलेलं गवत आणि पायाखालून येणारी झळ, एवढंच तिथे असतं. पण तोच सडा जुलैत पाण्याने भरलेल्या खळग्यांचा होतो, सप्टेंबरात फुलांनी निळा-पांढरा होतो आणि पावसाळा सरल्यावर कितीतरी दिवस खालच्या वाडीतल्या झऱ्यांना पाणी पुरवतो.

म्हणून सडा पारखताना पहिला प्रश्न विचारायचा तो महिन्याचा. खाणप्रकल्पांच्या पर्यावरण आघात अहवालांसाठी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाची जी प्रमाणित कार्यकक्षा आहे, तीत मूळ परिस्थितीची माहिती पावसाळा सोडून एका हंगामात गोळा करायला सांगितली आहे. हवेतली धूळ मोजायला हे ठीक आहे. पण त्याच वाक्यात वनस्पती आणि प्राणीही येतात, आणि सड्यावरच्या बहुतेक जिवांचं उगवणं, फुलणं, अंडी घालणं हे नेमकं त्या वगळलेल्या चार महिन्यांत उरकतं. जानेवारीत केलेल्या पाहणीत ‘दुर्मीळ प्रजाती आढळल्या नाहीत’ असं लिहिलं असेल तर ते खोटं नसतंच, पण त्याला काही अर्थही नसतो. ही उणीव गावातली माणसं, शिक्षक, महाविद्यालयीन मुलं स्वतः भरून काढू शकतात. त्यासाठी पदवी लागत नाही. शिस्त मात्र लागते.

आधी कागद आणि नकाशे

सड्यावर जाण्याआधी गावनकाशा मिळवा आणि गट क्रमांक लिहून घ्या. कोकणात एका सड्याचे मालक अनेक असतात, जमीन सामायिक असते आणि काही हिस्सेदार मुंबईत असतात. ज्यांच्या जमिनीतून फिरणार त्यांना आधी सांगा. पुढे नोंद कुठे सादर करायची वेळ आली की हे उपयोगी पडतं. ग्रामपंचायतीत लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या वनस्पती-प्राण्यांची अधिकृत नोंदवही, आहे का ते विचारा. असेल तर तिच्यात सड्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा. बऱ्याच नोंदवह्यांत झाडं आणि औषधी वनस्पती असतात, पण कातळ नसतो.

मग गूगल अर्थवर जुनी उपग्रहचित्रं पाहा. एप्रिल-मेचं आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचं चित्र शेजारी ठेवलं की ओलावा कुठे टिकतो ते हिरव्या डागांवरून कळतं. दहा वर्षांपूर्वीचं चित्र काढलं तर रस्ते, चिरेखाणी (जांभ्याचे चिरे कापण्याच्या खाणी), कलमांच्या बागा कुठून कुठवर आल्या तेही दिसतं. सड्याची हद्द, वाटा, खाणी, पाणवठे आणि खालच्या वाड्या एका कागदावर काढून घ्या. हा कच्चा नकाशा पुढे प्रत्येक फेरीत सोबत असू द्या.

सड्याची उंचीही नोंदवा. समुद्राजवळचे सडे साधारण दोनशे मीटरच्या आत असतात. साताऱ्याजवळचं फुलांचं कास पठार बाराशे मीटरच्या आसपास आहे. दोन्हीकडे जांभाच असला तरी धुकं, पाऊस, वारा आणि त्यामुळे तिथले जीव वेगळे. कासची फुलांची यादी घेऊन राजापूरचा सडा तपासायला जाऊ नये.

कधी जायचं

एका फेरीत सडा कळत नाही. किमान पाच वेळा जायला हवं.

एप्रिल-मेमध्ये माळटिटवी उघड्या कातळावर दगडांच्या मध्ये अंडी घालते, म्हणून पाय जपून टाका. याच काळात वाहनांच्या चाकोऱ्या, कचरा, वणव्याचे डाग आणि दगड उचललेल्या जागा स्पष्ट दिसतात. दुसरी फेरी पहिल्या जोरदार पावसानंतर आठ-दहा दिवसांत. ही चुकवू नका, कारण बेडकांचा गलका थोडेच दिवस असतो आणि पाणी कुठून कुठे वाहतं ते तेव्हाच उघड होतं. तिसरी जुलैच्या उत्तरार्धात, चौथी ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये फुलांसाठी. पाचवी फेब्रुवारी-मार्चमध्ये, पण ती मुख्यतः सड्याखालचे झरे आणि विहिरी पाहायला.

काही वनस्पती दरवर्षी भेटतही नाहीत. टोपली कारवी काही वर्षांतून एकदाच सामूहिक फुलते. एका वर्षाच्या नोंदीवर ‘ही वनस्पती इथे नाही’ असं लिहू नका. ‘अमुक महिन्यात दिसली नाही’ एवढंच लिहा.

सड्याचे तुकडे पाडा

सडा लांबून सपाट आणि सारखा वाटतो, म्हणून तो पारखायचा तर आधी त्याचे तुकडे पाडावे लागतात. उघडा कातळ, भेगा, काही तासच पाणी धरणारे उथळ खळगे, आठवडेच्या आठवडे भरलेली डबकी, मातीचा पातळ थर, खोल मातीचे पट्टे, सुटे दगड पसरलेली जागा, झुडपांची बेटं, कडा आणि कड्याखालची सावली. हे प्रत्येक वेगळं घर आहे. किती प्रकारची घरं आहेत आणि ती एकमेकांना किती लागून आहेत, यावरून त्या जागेची प्रत ठरते. एकाच प्रकारचा शंभर एकर कातळ असला तरी त्याहून खळगे, भेगा आणि माती यांची सरमिसळ असलेला दहा एकर तुकडा जास्त जीव पोसतो.

पन्नास मीटरची दोरी सरळ अंथरा. दर पाच मीटरवर थांबून खाली काय आहे ते लिहा, आणि मातीत लोखंडी सळई टेकवून खोली मोजा. मी तीन गट करतो: पाच सेंटिमीटरच्या आत, पाच ते वीस, आणि वीसच्या वर. त्याच जागी पीव्हीसी पाइपची एक मीटर बाय एक मीटरची चौकट ठेवून आत किती भाग कातळ, किती गवत, किती इतर वनस्पती, किती पाणी ते शेकड्यात लिहा, आणि सरळ वरून फोटो घ्या. फोटोत पट्टी आणि दोरीचा क्रमांक दिसायला हवा. वहीत पेन्सिल वापरा, पावसात शाई पसरते. दोरीची दोन्ही टोकं मोबाइलवर अक्षांश-रेखांशासह नोंदवा, कारण पुढच्या वर्षी दोरी तिथेच पडली पाहिजे.

कातळशिल्पं असतील तर त्यांच्यावरून चालू नका, आणि फोटो उठावदार यावा म्हणून रेषांत चुना किंवा खडू भरू नका. बारसू, कशेळी, उक्षी, देवाचे गोठणे अशा ठिकाणांसह कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आहेत. सड्याच्या नोंदीत त्यांचा वेगळा रकाना ठेवा.

एक खळगा जवळून

वेळ कमी असेल तर सगळा सडा पालथा घालण्यापेक्षा चार-पाच खळगे निवडून ते नीट पाहा. सप्टेंबरातला ताटाएवढ्या-परातीएवढ्या आकाराचा एक खळगा घ्या. मध्ये बोटभर पाणी, तळाशी जांभ्याची बारीक लालसर रेती. पाण्याच्या कडेला गेंदाची पांढरी गोल बोंडं उभी असतात. त्यांच्या पायाशी, माती अजून चिकट आहे तिथे, सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं. थोडं बाहेर, ओल कमी होते तिथे, दवबिंदूची लालसर रोपटी, पानांवरच्या केसांच्या टोकांना चिकट थेंब. त्याच्या बाहेर बोटभर उंचीचं गवत, आणि मग कोरडा कातळ व त्यावरचे दगडफुलाचे ठिपके. हातभर अंतरात एवढे पट्टे बसतात.

सीतेची आसवं आणि दवबिंदू या दोन्ही किडे खाणाऱ्या वनस्पती आहेत. इथल्या मातीत नत्र इतकं कमी असतं की ते किड्यांकडून मिळवावं लागतं. म्हणून या दोघींची दाट वस्ती ही माती अजून गरीब आहे, बाहेरून तिच्यात काही मिसळलेलं नाही, याची खूण असते. बागेतलं खत वाहून आलं, बाहेरची माती टाकली गेली, की जोरकस गवत आणि तण वाढतं आणि या बुटक्या वनस्पती त्याखाली दबून जातात. ‘माती सुपीक झाली’ ही सड्यासाठी वाईट बातमी असते, हे सरकारी कर्मचाऱ्यांना आणि कधी कधी आपल्याच माणसांना समजावून सांगावं लागतं.

प्रत्येक खळग्याला क्रमांक द्या, लांबी-रुंदी-खोली मोजा, पावसाने उघडीप दिली की पाणी किती दिवस टिकतं ते गावातल्या कुणाला तरी पाहायला सांगा. हा एक आकडा फार बोलका असतो.

प्राणी: उचललेला दगड जिथल्या तिथे

काचेच्या रुंद तोंडाच्या बरणीत डबक्यातलं पाणी घेऊन उजेडात धरा. नितळ पाण्यात पाठीवर पोहणारे पारदर्शक फेअरी श्रिंप (कोळंबीसारखे चिमुकले जीव) दिसू शकतात. डबकं आटलं की त्यांची अंडी सुक्या गाळात पुढच्या पावसाची वाट पाहत पडून राहतात. म्हणून मे महिन्यातलं कोरडं डबकं हे रिकामं डबकं धरू नका. पाहून झालं की पाणी त्याच डबक्यात सोडा.

बेडकांसाठी अंधार पडल्यावर तासभर सड्यावर शांत थांबा, मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करा. ओळख पटली नाही तरी मुद्रण ठेवा, जाणकाराला नंतर ऐकवता येतं. आंबोलीच्या सड्यांवरचा आंबोली टोड हा छोटा भेक पहिल्या पावसांत उथळ खळग्यांत अंडी घालतो. २००९ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं आणि आज तो अतिसंकटग्रस्त मानला जातो. गाड्या लावण्यासाठी मुरूम टाकून खळगे बुजवले, तर अशा प्राण्याची पुढची पिढीच तिथे संपते.

कोकणच्या सड्यांवर सुट्या जांभा दगडांखाली पांढऱ्या पट्ट्यांची एक छोटी पाल राहते, हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस. तिचं वर्णन १९६३ मध्ये झालं. तिला दगड लागतो आणि गावाला गडगा (दगडी कुंपण) बांधायला तोच दगड लागतो. त्यामुळे दोरीच्या कडेने दहा-दहा पावलांत सुटे दगड किती ते मोजा, आणि दगड उचलल्याचे ताजे ठसेही मोजा. दगडाखाली पाहायचं असेल तर पलीकडची कड धरून तो आपल्याकडे उचला, म्हणजे आपल्या आणि खालच्या जिवाच्या मध्ये दगडाची आड राहते. हात कधीही थेट खाली घालू नका. रत्नागिरी हा फुरशांचा जिल्हा आहे. लांब काठी, गमबूट आणि रात्री चांगली विजेरी हवीच. जवळच्या कोणत्या रुग्णालयात सर्पदंशावरची लस आहे ते निघण्याआधी विचारून ठेवा. पाहिलेला दगड होता तसाच, त्याच खाचेत, परत ठेवा. उलटा ठेवलेला दगड म्हणजे खालची ओल गेलेली.

पक्ष्यांसाठी सकाळी एका जागी दहा मिनिटं उभं राहून जे दिसेल-ऐकू येईल ते लिहा, मग दोनशे मीटर पुढे जाऊन पुन्हा. विष्ठा आणि ठसे यांचे फोटो पट्टीसह घ्या. नोंदी ई-बर्ड, आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाकता येतात. दीपकाडी, आमरी, सेरोपेजिया यांसारख्या वनस्पतींची नेमकी जागा मात्र जाहीर ठेवू नका. त्या उपटून नेल्या जातात.

प्राण्यांच्या आकड्यांचा अर्थ लावताना घाई करू नये. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. भारतीय विज्ञान संस्थेच्या मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास तिथलाच. पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी खूपच कमी होते, आणि तिथे गळ्याला निळा-नारिंगी पंखा असलेल्या सरड्यांची संख्या वाढलेली होती. कुणी फक्त सरडे मोजले असते तर ‘जागा सुधारली’ असा निष्कर्ष काढला असता. एक प्राणी वाढला तर त्याला खाणारा कुठे गेला, हे विचारलंच पाहिजे.

पाणी कुठे जातं

गावकऱ्यांना सड्याशी सगळ्यात घट्ट बांधणारी गोष्ट पाणी आहे, आणि अहवालांत सगळ्यात ढिसाळ भागही तोच असतो. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचं पाणी त्याच्या भेगांतून आणि पोकळ्यांतून खाली मुरतं, खालच्या चिकण थराला अडतं आणि सड्याच्या कुशीतून झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतं. कोकणातल्या कितीतरी वाड्या या झऱ्यांच्या ओळीवरच वसल्या आहेत.

जोरदार पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासात सड्यावर चालत पाणी कुठून कुठे वाहतंय त्याचे बाण कच्च्या नकाशावर काढा. पाणी गुडुप होणाऱ्या भेगा आणि बिळं आवर्जून दाखवा. मग खाली उतरून प्रत्येक झरा, पऱ्या (छोटा ओढा) आणि विहीर नकाशावर घ्या. झऱ्याची धार मोजायला दहा लिटरची बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ पुरतं. बादली चाळीस सेकंदांत भरली तर सेकंदाला पाव लिटर, म्हणजे तासाला ९०० आणि दिवसाला २१,६०० लिटर. तीन वेळा मोजून सरासरी घ्या. नोव्हेंबर, फेब्रुवारी आणि मे, अशी निदान तीन मोजमापं हवीत. विहिरीत दगड बांधलेली दोरी सोडून कठड्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर लिहा.

झरा कोणत्या महिन्यात बारीक होतो, पूर्वी कधी आटायचा, खाण सुरू झाल्यावर पाणी गढूळ यायला लागलं का, हे पाणी भरणाऱ्या बायकांना विचारा. त्यांची उत्तरं वर्ष आणि महिन्यासह लिहून घ्या, आणि त्यांच्या संमतीनेच नोंदीत वापरा.

धोके: परत येईल का?

धोक्यांची यादी करणं सोपं आहे. कठीण आहे ते त्यांची प्रतवारी लावणं. प्रत्येक धोक्याला तीन प्रश्न विचारा: किती जागेवर, किती काळ, आणि थांबवलं तर सडा पूर्ववत होईल का? माझ्या मते तिसरा प्रश्न उरलेल्या दोघांवर भारी आहे.

पर्यटकांची वर्दळ आणि गाड्या थांबवल्या, तर मातीचा थर शाबूत असेल तिथे वनस्पती परतण्याची आशा असते. कासला येणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली गेली ती याच आशेवर. वणवा वारंवार लागत असेल तर कोण, कधी, कशासाठी लावतं ते शोधा, कारण हा धोका गावाच्या बैठकीत सुटू शकतो. रानमोडी आणि घाणेरी कडेच्या मातीतून आत सरकतात, त्यांची हद्द दरवर्षी नकाशावर आखा. ‘ओसाड’ जागा हिरवी करायची म्हणून सड्यावर ऑस्ट्रेलियन अकेशिया किंवा गिरिपुष्प लावणं हा चांगल्या हेतूने होणारा धोका आहे. उघडा कातळ हाच इथला अधिवास आहे, झाडांची सावली पडली की तो बदलतो.

आंब्याच्या कलमांसाठी सुरुंग लावून खड्डे पाडणं आणि बाहेरची माती भरणं, हा प्रश्न नाजूक आहे. त्यावर घरं चालतात. म्हणूनच नकाशा कामाला येतो. खोल मातीचे आणि आधीच फोडलेले तुकडे कोणते आणि खळग्यांचे, झऱ्यांना पाणी देणारे तुकडे कोणते हे दाखवता आलं, तर ‘काहीच करू नका’ असं सांगावं लागत नाही.

चिरेखाण आणि बॉक्साइटची खाण मात्र वेगळ्याच रांगेत. तिथे कातळाचा वरचा थरच कापून नेला जातो. तो थर व्हायला लाखो वर्षं गेलेली असतात. खड्डा भरून वर झाडं लावली तरी तिथे कातळसडा परत येत नाही. शिवाय सोडून दिलेल्या खाणीत पाणी साचतं, कठडा नसतो, आणि गुरं व मुलं पडण्याची भीती राहते. खाणीची लांबी-रुंदी-खोली, सगळ्यात जवळच्या झऱ्यापर्यंतचं अंतर आणि मातीचे ढीग कोणत्या पऱ्याच्या तोंडाशी आहेत, हे तिन्ही लिहा. कड्याजवळ नव्या भेगा दिसल्या तर त्यांची रुंदी पट्टीने मोजून फोटो घ्या. पुढच्या पावसात त्या रुंदावल्या, तर हा जीविताचा प्रश्न आहे. तो वहीत ठेवायचा नाही, लगेच तहसील कार्यालयाला लेखी कळवायचा.

गुण देताना

अधिवासाला पाच बाबींवर शून्य ते तीन गुण द्या: घरांची विविधता, पाणी टिकण्याचा काळ, बुटक्या स्थानिक वनस्पतींची व्याप्ती, सुटे दगड व भेगा, आणि शेजारच्या सड्याशी किंवा जंगलाशी असलेली जोड. धोक्यांनाही तसेच गुण द्या, पण वेगळ्या कागदावर. दोन्हींची बेरीज-वजाबाकी करून एकच आकडा काढू नका. समजा, एका सड्याला अधिवासाचे पंधरापैकी तेरा मिळाले आणि बाकी धोके किरकोळ आहेत, पण मधोमध खाणीचा प्रस्ताव आहे. सरासरी काढली तर तो ‘मध्यम’ ठरेल आणि खरी गोष्ट झाकली जाईल. पूर्ववत न होणारा धोका एकही असला, तर तो पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत.

ज्या ओळखीची खात्री नाही तिथे तसं लिहा. ‘सेरोपेजियाची कुठलीतरी जात, फूल पाहिलं नाही’ ही प्रामाणिक नोंद आहे. विरुद्ध बाजूचा वकील एक चुकीचं नाव शोधून सगळी नोंद मोडीत काढू शकतो.

नोंद कुठे द्यायची

पहिली प्रत ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला. लोकजैवविविधता नोंदवहीत ती समाविष्ट करण्याचा ठराव ग्रामसभेत घ्या. २००२ च्या जैवविविधता कायद्यातल्या कलम ३७ खाली राज्य सरकार स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून जैवविविधता वारसा स्थळ जाहीर करू शकतं. आंबोलीचं हिरण्यकेशी २०२१ मध्ये तसं जाहीर झालं, तिथल्या शिस्टुरा हिरण्यकेशी या छोट्या माशामुळे. त्यामुळे एखाद्या जिवाची पक्की, तारखेसह, फोटोसह नोंद ही हलकी गोष्ट समजू नका.

प्रकल्पाला जनसुनावणी लागू असेल तर पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार तिची सूचना किमान तीस दिवस आधी द्यावी लागते, आणि अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद अशा ठिकाणी पाहायला मिळतो. त्यातलं वनस्पती-प्राण्यांचं प्रकरण उघडून आधी पाहणीच्या तारखा वाचा. मग आपल्या जुलै आणि सप्टेंबरच्या नोंदी शेजारी ठेवून, त्यांच्या यादीत काय सुटलं ते मुद्देवार, मराठीत लिहून द्या. सुनावणीत बोलाच, पण लेखी प्रतही द्या आणि तिच्यावर तारखेसह पोच घ्या. पोच नसलेला अर्ज पुढे दाखवता येत नाही. मूळ वही, फोटोंच्या मूळ फाइली आणि ध्वनिमुद्रणं दोन वेगवेगळ्या घरांत ठेवा, आणि दोरीच्या टोकांचे अक्षांश-रेखांश गावातल्या आणखी दोघांना देऊन ठेवा.